येर्कोने घेतलेला मोठा प्लॅन

ही गोष्ट मी कुणाकडून ऐकलेली नाही. मी त्या खोलीत होते.

घडली ती माझ्या मावशीच्या बाबतीत, म्हणून सांगणार आहे तिचीच. पण जे ऐकू आलं ते मी माझ्या कानांनी ऐकलंय. कुणी म्हणतं वायर हलली असेल, कुणी म्हणतं दुःखाने माणसाला काहीही ऐकू येतं. म्हणू देत. त्यांच्यापैकी एकही त्या दिवशी तिथे नव्हता.

भुताखेताच्या गोष्टी रात्रीच घडतात असं तुम्हाला वाटत असेल. ही भर दुपारची आहे. जुलै महिना, आमच्याकडचा ऐन हिवाळा. गाव पुएर्तो मान्सो. चिलीच्या दक्षिणेला जिथे जमिनीच्या चिंध्या होऊन बेटं झाली आहेत, तिथलं एक धक्क्याचं गाव.

माझी मावशी एल्सिरा ओयार्सो ही या गावच्या रेडिओचा आवाज. पत्र्याची खोली, कोपऱ्यात लाकडाची चूल, एक मायक्रोफोन, आणि मावशी. गेली कित्येक वर्षं दुपारी एक वाजता ती निरोप वाचते. बेटांवर मोबाइलची रेंज नाही. तिथे कुणाला काही कळवायचं असेल तर माणसं रेडिओच्या ओसरीवर येतात, बुटांवरचं पाणी झटकतात, खोकतात, रांगेत उभी राहतात आणि आपापला निरोप सांगतात. मग मावशी तो वाचते.

"सेन्योरा ब्लांका, खाडीपलीकडची वस्ती. तुमचा मुलगा कळवतो की तो गुरुवारच्या बोटीने येतोय. घोडा घेऊन उतारावर थांबा."

दोनदा वाचायचं. आवाज सपाट ठेवायचा. निरोप आनंदाचा असो की मरणाचा, वाचणाऱ्याने गहिवरायचं नाही.

आणि एक रीत आहे, ती आमच्याकडे शेंबडं पोरही पाळतं. ज्याचा निरोप आहे त्याने 'मिळाला' असं कळवेपर्यंत तो रोज वाचला जातो. बिनतारी संचावरून कळवा, नाहीतर येणाऱ्या बोटीबरोबर. पण 'मिळाला' म्हटलं की लगेच संच बंद करायचा. लाइन मोकळी करायची. मागे इतरांचे निरोप ताटकळत असतात, गप्पा मारत बसायचं नाही. सगळे निरोप संपेपर्यंत वाचणाऱ्यानेही खुर्ची सोडायची नाही.

हे नीट लक्षात ठेवा. पुढचं सगळं यावरच आहे.

येर्को हा मावशीचा एकुलता एक मुलगा. गावात त्याच्याइतकं कॉम्प्युटरचं वेड कुणालाच नव्हतं. पोटापाण्यासाठी पुंता आरेनासला किंवा पार अर्जेंटिनात गेलेल्या आमच्या माणसांना रेडिओ ऐकता यावा म्हणून त्याने तो इंटरनेटवर नेला. त्यासाठी एक व्हीपीएस भाड्याने घेतला. म्हणजे काय, ते मलाही तेव्हा कळलं नव्हतं. मी आपली मान डोलावली होती.

दोन वर्षांपूर्वी मे महिन्यात तो एका बेटावरचा रेडिओचा खांब दुरुस्त करायला निघाला. शेजारचे डॉन रेमिहियो (डॉन म्हणजे आमच्याकडचं 'राव') यांच्या 'ला पोर्फियादा' नावाच्या लाँचमधून. दोघंच होते.

लाँचच्या फळ्या सापडल्या. माणसं नाही.

डॉन रेमिहियोंची बायको ओतिलिया मावशीच्या भिंतीला भिंत लागून राहते. दोघींनी एकाच दिवशी काळे कपडे घातले. त्यानंतर मावशी रोज अंधार पडायच्या आधी धक्क्यावर जाऊन उभी राहायची. पाऊस असो, वारा असो. थोडा वेळ पाण्याकडे बघायची आणि परत यायची. तिला अडवायची कुणाची छाती नव्हती.

रेडिओ मात्र एक दिवसही बंद पडला नाही.

...

या जुलैमध्ये व्हीपीएस देणाऱ्या होस्टिंग कंपनीचा ईमेल आला. येर्कोने तीन वर्षांचे पैसे एकदम भरले होते. ती मुदत संपत आली होती. नवीन दर पाहून आमच्या खजिनदारांना घेरीच यायची बाकी होती.

खजिनदार म्हणजे डॉन एव्हारिस्तो. धक्क्यावरच्या दुकानाचे मालक. माणूस सज्जन, पण पेसो सोडताना बोटांना फोड आल्यासारखं तोंड करतात.

"एल्सिराबाई, हे जवळजवळ तिप्पट झालंय हो! तेही डॉलरमध्ये! आपण रेडिओ चालवतोय की रॉकेट सोडतोय?"

माझा थोरला भाऊ नेल्सन सुट्टीला पुएर्तो माँतहून आला होता. तो कॉम्प्युटरच्याच धंद्यातला. मावशीने त्याच्यापुढे मिल्काओची थाळी सरकवली. बटाट्याचे ते वडे आमच्याकडे चुलीवरच करतात. ती म्हणाली, "आधी खा. मग मला कळेल असं सांग."

नेल्सन खात खात सांगू लागला. "हे बघ मावशी. स्वस्तातलं होस्टिंग म्हणजे लॉजमधली कॉट. शेजारी कोण घोरतो ते तुझ्या हातात नाही. व्हीपीएस म्हणजे मोठ्या वाड्यासारख्या घरातली स्वतःची खोली. कुलूप तुझं, किल्ली तुझी. ठरलेली मेमरी, ठरलेली जागा, ती दुसरं कुणी खात नाही. पैसे पडतात ते खोलीच्या आकाराचे."

"मग तिप्पट कशाने झाले?"

"पहिला दर गिऱ्हाईक ओढायला असतो. खरा दर कळतो तो दुसऱ्यांदा भरताना. सगळे असंच करतात. आपण बघायचं ते एवढंच, की खोली केवढी लागते. चाळीस श्रोत्यांच्या रेडिओला लहानातली लहान पुरेल. येर्कोने घेतलीय ती... कसं सांगू... दोन माणसांसाठी बारा खोल्या."

"त्याने घेतली म्हणजे विचार करूनच घेतली असेल."

"मावशी, तो हौशी होता."

"होता," मावशी म्हणाली आणि उठून चुलीत लाकूड सरकवलं. नेल्सनने हातातला वडा परत थाळीत ठेवला.

त्यालाच वाईट वाटलं असावं. पुरावा म्हणून त्याने लॅपटॉप उघडला. येर्कोचा सर्व्हर दिवसभरात किती राबतो याचा आलेख त्याला मावशीला दाखवायचा होता. रेघ अगदी तळाशी लोळत असेल, ती बघितली की मावशीची समजूत पटेल, असा त्याचा हिशेब.

रेघ तळाशीच होती. सकाळभर.

दुपारी एकनंतर ती उभी चढत गेली होती... पार वरपर्यंत... आणि तिथेच थांबली होती.

त्याने आदल्या दिवशीचा आलेख उघडला. तेच. त्याच्या आदल्या दिवशीचा. तेच. तो मागे मागे जात राहिला. दोन वर्षांपूर्वीच्या मे महिन्यापर्यंत रोज तेच. त्याआधी रेघ शांत.

नेल्सनने लॅपटॉप मावशीकडे वळवला. मग हळूच म्हणाला,

"मावशी... हा प्लॅन मोठा नाहीये. हा पुरत नाहीये."

डॉन एव्हारिस्तो म्हणाले, "म्हणजे कुणीतरी चोरून वापरतंय. आपल्या पैशांवर! पकड त्याला."

...

दुसऱ्या दिवशी आम्ही त्याला पकडायला बसलो.

मावशी मायक्रोफोनपाशी. नेल्सन लॅपटॉपपाशी. मी चुलीजवळ, माते म्हणजे आमचा कडू चहा भरून देत होते. एक वाजला. मावशीने पहिला निरोप वाचायला घेतला, आणि नेल्सनने मला हाताने जवळ बोलावलं.

रेघ चढत होती.

"एक जास्तीचं चॅनल आहे," तो माझ्या कानात म्हणाला. "येर्कोने चाचणीसाठी केलेलं. त्याच्यावर आवाज येतोय."

"कुठून?"

"तेच बघतोय." त्याने दोन-तीनदा तपासलं. मग त्याच्या कपाळावर घाम दिसला, एवढ्या थंडीत. "बाहेरून नाही येत गं, मिर्ता. कुणीच जोडलेलं नाही. आवाज... आतूनच निघतोय."

त्याने हेडफोनचा एक कान मला दिला. एक स्वतः धरला.

आधी पाण्याचा आवाज. फळ्यांखाली पाणी डचमळतं ना, तसा.

मग... बूट. ओले बूट फरशीवर घासल्याचा आवाज. कुणीतरी खोकलं. मागे आणखी कुणीतरी. ओसरीवर रांग लागली की मी रोज ऐकते तोच आवाज.

मी खिडकीतून ओसरीकडे पाहिलं.

ओसरी रिकामी होती.

मावशीचे निरोप संपले. तिने मायक्रोफोन बंद केला आणि आमची तोंडं बघून विचारलं, "काय झालं रे? भूत बघितल्यासारखे काय बसलात?"

नेल्सनने लॅपटॉप मिटायला हात पुढे केला. पण मावशीने तोवर हेडफोन उचलला होता. तिने तो कानाला लावला.

आणि खाली बसली.

मी वायर ओढून काढली आणि आवाज खोलीत घुमला. खोल... थंडीने ओठ जड झालेल्या माणसाचा. तरी ओळखायला क्षणही लागला नाही. त्याच्याबरोबर मी लहानाची मोठी झालेय.

"सेन्योरा एल्सिरा ओयार्सो, धक्क्यावरची वस्ती. येर्को कळवतो की धक्क्यावर थांबू नका. बोट येणार नाही. गारठा आहे. घरी जा."

मग पुन्हा, तसंच, शब्दाला शब्द.

"सेन्योरा एल्सिरा ओयार्सो, धक्क्यावरची वस्ती..."

मावशीने तोंडावर पदरासारखी शाल दाबून धरली होती. मला वाटलं ती किंचाळेल. ती एवढंच म्हणाली, "मला आई म्हणाला नाही गं तो."

"मावशी, वाचणाऱ्याने तसं म्हणायचं नसतं," मी म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते?

"हो," ती म्हणाली. "मीच शिकवलंय त्याला."

नेल्सन हट्टाला पेटला होता. जुनं रेकॉर्डिंग असेल, आपोआप वाजत असेल, असं म्हणत त्याने सगळा सर्व्हर पिंजून काढला. रेकॉर्डिंग नव्हतं. आणि असतं तरी काय? मावशी धक्क्यावर उभी राहू लागली ती येर्को गेल्यानंतर. जिवंतपणी तो हे बोलणार कसा?

...

त्यानंतरचे दिवस मला आठवले की गलबलून येतं.

मावशीने धक्क्यावर जाणं सोडलं. तिचं सगळं लक्ष आता दुपारकडे. सकाळी केस विंचरायची, ठेवणीतली निळी शाल घ्यायची. निरोप वाचून झाले की हेडफोन लावायची आणि डोळे मिटून बसायची. दोन वर्षांत पहिल्यांदा मी तिला हसताना पाहिलं.

मी एकदा म्हटलं, "मावशी, निरोप तर पोचला. 'मिळाला' म्हणायला हवं ना?"

तिने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी तिच्या तोंडचा घास काढतेय.

"म्हटलं की थांबेल ना तो. मिळेपर्यंतच वाचतात. तुला माहीत नाही का?"

डॉन एव्हारिस्तोंना ती म्हणाली, हा प्लॅन ठेवा, वरचे पैसे मी देते. माझी शिलाईची मशीन विका. त्यांना आम्ही काही सांगितलं नव्हतं. ते दारातच उभे राहून करवादले, "बाई, त्याच्यात लहान प्लॅनची चार वर्षं निघतील! कशापायी?"

"मला परवडतं."

"परवडत नाहीये, म्हणून तर बोलतोय!"

ओतिलियालाही तिने काही सांगितलं नाही. भिंतीपलीकडे ती रोज एकटी चूल पेटवत होती, आणि अलीकडे मावशी गुणगुणत होती. मला ते खटकलं होतं. बोलायला हवं होतं, पण आपल्या माणसाला जरा सुख मिळतंय म्हटल्यावर जीभ रेटत नाही.

पण आवाज बदलत चालला होता.

आधी नुसता जड होता. मग घसा बसला. मग शब्दांमध्ये थांबायला लागला. 'गारठा आहे' म्हणताना दात वाजायचे. आणि मागे ते बूट... ते खोकणं... रोज वाढत होतं. रांग लांबत होती.

एका दुपारी तो 'एल्सिरा' एवढंच म्हणाला आणि अडला. बराच वेळ नुसतं पाणी. मग कसंबसं, "...ओयार्सो."

मावशीने हेडफोन काढला. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"तो थकलाय गं," ती म्हणाली. "सगळे निरोप झाल्याशिवाय खुर्ची सोडायची नसते. माझा पहिलाच आहे. मी म्हणत नाही, म्हणून तो पुढे जाऊ शकत नाही. दोन वर्षं मी त्याला तिथे बसवून ठेवलंय. त्या गारठ्यात."

"तुला कुठे माहीत होतं मावशी?"

"हे पंधरा दिवस माहीत होतं."

ती रडली नाही. मला वाटतं, रडली असती तर बरं झालं असतं.

...

दुसऱ्याच दिवशी प्लॅनची मुदत संपत होती. नेल्सनने सकाळी रेडिओ लहान प्लॅनवर हलवला. येर्कोचा सर्व्हर आता फक्त त्या एका चॅनलपुरता उरला होता. नवीन पैसे भरायचे नाहीत, 'मिळाला' म्हटलं की आजच तो मोडून टाकायचा, असं मावशीनेच ठरवलं होतं. लेकरू सुटलं की झालं, एवढंच तिच्या मनात होतं. नेल्सनने मायक्रोफोन त्या चॅनलला जोडून दिला.

एक वाजला. पाणी. बूट. खोकणं.

"सेन्योरा... एल्सिरा..."

त्याने दोनदा वाचलं. किती वेळ लागला ते विचारू नका.

मावशी मायक्रोफोनजवळ वाकली. आयुष्यभर सपाट ठेवलेला आवाज तिने तसाच सपाट ठेवला.

"एल्सिरा ओयार्सो, धक्क्यावरची वस्ती. निरोप मिळाला."

पलीकडे सगळं थांबलं. बूटही.

मग एक श्वास... मोठा, सुटल्यासारखा. ओझं खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा.

"मिळाला, बाळा," मावशी म्हणाली. हे रीतीत बसत नव्हतं. "जा आता. घरी जा."

आणि लगेच, हाडीमांसी खिळलेल्या सवयीने, ती मागे वळून नेल्सनला म्हणाली, "बंद कर. लाइन मोकळी कर."

नेल्सनचं बोट सर्व्हर काढून टाकायच्या बटणावरच होतं. त्याने दाबलं.

नेमक्या त्याच क्षणी आवाज आला. खणखणीत. बसलेला नाही, थरथरता नाही. आमचा येर्को.

"पुढचा निरोप. सेन्योरा ओतिलिया बार्रिया, धक्क्यावरची वस्ती. डॉन रेमिहियो कळवतात की—"

संपलं.

पडद्यावर ओळ आली. सर्व्हर काढून टाकला आहे.

"परत लाव!" मावशी ओरडली. "अरे, परत लाव! पुढचा होता! पुढचा होता रे!"

नेल्सनने कंपनीला लिहिलं, फोन केला, हातापाया पडला. पुसलेलं परत येत नाही म्हणाले. जादाचे पैसे भरून ठेवलेली प्रत असती तर गोष्ट वेगळी. ती येर्कोने घेतली नव्हती. तेवढे डॉलर वाचवले होते पोराने.

...

मावशी त्याच संध्याकाळी ओतिलियाकडे गेली. मला बरोबर नेलं. काही लपवलं नाही. पंधरा दिवस काय ऐकलं, का सांगितलं नाही, आणि आज काय तुटलं, ते सगळं तिने सांगितलं.

ओतिलियाने हाताला लागलेलं पीठ पुसलं. ती भांडकुदळ म्हणून प्रसिद्ध. मला वाटलं आता भांडी उडतील.

"म्हणजे तुझं झालं," ती हळू म्हणाली, "आणि तू उठलीस."

"ओतिलिया, अगं मला—"

"नाही, नाही. बरोबर आहे. आपला मिळाला की लाइन मोकळी करायची. रीतच आहे." मग तिचा आवाज फाटला. "काय म्हणत होता गं माझा म्हातारा? काय कळवत होता?"

दोघी एकाच चुलीसमोर बसून रडल्या, पण एकमेकींपासून लांब.

गोष्ट गावभर झाली. लोक हसतील असं मला वाटलं होतं. कुणी हसलं नाही. आमच्याकडे असं घर नाही, ज्याने या पाण्याला कुणी दिलेलं नाही. दुसऱ्या दिवशी डॉन एव्हारिस्तो आले. टोपी हातात. त्यांचा पाठचा भाऊ तरुणपणी शिंपले काढायला गेला तो गेला, हे मला त्या दिवशी कळलं.

"नेल्सन," ते म्हणाले, "त्या कंपनीचा सगळ्यात मोठा प्लॅन कुठला?"

"डॉन एव्हारिस्तो, त्याची किंमत—"

"किंमत विचारली का मी तुला?"

त्यांनी एका वर्षाचे पैसे भरले. घासाघीस केली नाही. नेल्सनने नवीन सर्व्हर घेतला, त्यावर एक रिकामं चॅनल केलं, बाकी काहीही ठेवलं नाही.

एक वाजता सगळं गाव ओसरीवर उभं होतं. ओतिलियाने हेडफोन लावला.

काही नाही. पाणी नाही, बूट नाहीत.

आणि नेल्सनच्या पडद्यावर रेघ चढायला लागली... चढली... पार वरपर्यंत गेली. ज्या सर्व्हरवर काहीच नव्हतं तो काठोकाठ भरला, आणि अंधार पडेपर्यंत भरलेलाच राहिला. आवाज मात्र एक नाही.

तेव्हापासून रोज तसंच होतं. नेल्सन म्हणतो, त्याने याच्याइतकं विचित्र काही पाहिलेलं नाही आणि त्याला कुणी विचारू नये. ओतिलिया रोज येते, ऐकते, मावशीशी न बोलता परत जाते. डॉन एव्हारिस्तो पुढच्या वर्षाचे पैसे बाजूला टाकतायत.

गेल्या आठवड्यात मावशीने मला मायक्रोफोनसमोर बसवलं. आवाज सपाट कसा ठेवायचा, दोनदा वाचताना श्वास कुठे घ्यायचा, रांगेतल्या माणसाला धीर कसा द्यायचा, सगळं शिकवतेय. परवा तर सगळे निरोप मीच वाचले. ती चुलीजवळ बसून ऐकत होती आणि खूश होती.

मी म्हटलं, "मावशी, एवढी घाई कशाला? तू आहेस ना."

"सगळे आलेत गं तिकडे," ती रिकाम्या चॅनलकडे बघत म्हणाली. "उभे आहेत बिचारे. येर्कोला मी घरी पाठवलं. आता त्यांचे निरोप वाचायला तिकडे कुणीच नाही."

मग माझ्या केसांवरून हात फिरवून म्हणाली, "तू छान वाचतेस, मिर्ता. इकडची मला आता काळजी नाही."